विस्कटलेले टर्मिनल ताळ्यावर कसे आणावे

लिनक्स किंवा मॅकवर कमांड-लाइनवर काम करणाऱ्या प्रत्येकावर कधी ना कधी ही वेळ येते. एखादी झिप केलेली किंवा बायनरी फाईल चुकून ‘कॅट’ने (फाईलमधला मजकूर स्क्रीनवर दाखवणाऱ्या कमांडने) उघडली जाते, दोन-चार वेळा घंटी वाजते, स्क्रीनभर चित्रविचित्र चिन्हे धावतात आणि शेवटी जो प्रॉम्प्ट, म्हणजे कमांड टाइप करण्याच्या जागेची खूण, येतो तो वाचताच येत नाही. बहुतेक जण अशा वेळी खिडकी बंद करून नवी उघडतात. खिडकीत महत्त्वाचे काही चालू नसेल तर त्यात वावगे काहीच नाही. पण त्याच खिडकीतून दूरच्या सर्व्हरवर एखादे लांबलचक काम सोडलेले असेल, किंवा शेलमध्ये, म्हणजे कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, बरीच व्हेरिएबल्स भरून ठेवलेली असतील, तर ती बंद करणे परवडत नाही. तशी गरजही सहसा नसते. नेमके काय बिनसले आहे हे लक्षणांवरून ओळखता आले, तर दुरुस्ती अर्ध्या मिनिटाची असते.

या लेखात कमांडची नावे देवनागरीत दिली आहेत. ती अर्थातच इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाइप करावीत. केवळ उच्चारावरून स्पेलिंग लक्षात येणार नाही असे वाटले, तिथे अक्षरे सुटी करून दिली आहेत.

बिघाड नेमका कुठे असतो

टर्मिनलची खिडकी आणि शेल यांच्यामध्ये कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, एक थर असतो, त्याला टीटीवाय म्हणतात. दाबलेले अक्षर स्क्रीनवर उमटवायचे की नाही, एंटर दाबल्यावर ओळ पुरी झाली असे धरायचे की नाही, कंट्रोल-सी दाबल्यावर चालू प्रोग्रामला थांबण्याचा संकेत पाठवायचा की नाही, या गोष्टी हा थर ठरवतो. अक्षरांचा रंग, कर्सर दिसणे-न दिसणे, कोणता चिन्हसंच वापरायचा, माऊसच्या हालचाली प्रोग्रामला कळवायच्या का, या गोष्टी मात्र खुद्द खिडकी, म्हणजे टर्मिनल एम्युलेटर, लक्षात ठेवते. एम्युलेटरला या सूचना एस्केप या २७ क्रमांकाच्या अक्षराने सुरू होणाऱ्या छोट्या मालिकांतून मिळतात, आणि त्यांतल्या बऱ्याच मालिका डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९७८ मध्ये आणलेल्या व्हीटी१०० या टर्मिनलपासून चालत आलेल्या आहेत. बायनरी फाईलमध्ये नेमके तसेच बाइट योगायोगाने एकापाठोपाठ आले, की एम्युलेटर ती सूचना समजून इमानेइतबारे पाळतो.

यावरून एक ढोबळ नियम हाती लागतो. टाइप केलेले दिसत नाही, एंटर लागत नाही, ओळी तिरक्या उतरतात, अशी तक्रार असेल तर दोष टीटीवायच्या मांडणीत असतो. अक्षरांऐवजी रेघा दिसतात, रंग अडकून बसतो, कर्सर गायब होतो, अशी तक्रार असेल तर तो एम्युलेटरमध्ये असतो. हा फरक माहीत नसल्यामुळेच अनेकांचा गोंधळ होतो, कारण खिडकीच्या मेनूतला ‘रीसेट’ फक्त एम्युलेटर सुधारतो आणि ‘एसटीटीवाय सेन’ ही कमांड फक्त टीटीवाय सुधारते. चुकीच्या थराला औषध दिले, की ‘हा उपाय चालत नाही’ असा निष्कर्ष निघतो.

आधी करून पाहण्याचा उपाय

दोन्ही थर एकदम सुधारणारी कमांड म्हणजे ‘रीसेट’ (आर-ई-एस-ई-टी). ती टीटीवायचे एको (टाइप केलेले अक्षर स्क्रीनवर उमटवणे) आणि ओळीचे व्यवहार पूर्ववत करते आणि एम्युलेटरला मूळ स्थितीत येण्याची मालिकाही पाठवते. मात्र ती कशी टाइप करायची यात एक मेख आहे. टीटीवाय बिघडलेला असेल तर एंटर दाबल्यावर निघणारे कॅरेज रिटर्न हे अक्षर नव्या ओळीत बदलले जात नाही. कमांड नुसती पडून राहते, किंवा स्क्रीनवर टोपीचे चिन्ह आणि त्यापुढे मोठा ‘एम’ उमटतो. म्हणून एंटरऐवजी कंट्रोल-जे दाबावे, कारण त्यातून थेट लाइनफीड जाते. पूर्ण क्रम असा: प्रथम कंट्रोल-सी दाबून अर्धवट पडलेली ओळ सोडून द्यावी, मग एकदा कंट्रोल-जे, मग ‘रीसेट’ ही पाच अक्षरे आणि पुन्हा कंट्रोल-जे. टाइप करताना स्क्रीनवर काहीही दिसणार नाही, किंवा दिसेल ते भलतेच असेल. तिकडे लक्ष न देता, एक अक्षरही न चुकवता टाइप करावे. कमांड चालल्यावर साधारण सेकंदभर काहीच घडत नाही. जुन्या खऱ्याखुऱ्या टर्मिनल यंत्रांना सावरायला वेळ मिळावा म्हणून ठेवलेला हा विराम आहे, तेव्हा घाईने आणखी कळा दाबू नयेत.

काही आटोपशीर कंटेनरांत आणि छोट्या यंत्रांत ‘रीसेट’ उपलब्धच नसते. तिथे तेच काम दोन टप्प्यांत करता येते. टीटीवायसाठी ‘एसटीटीवाय सेन’ (एस-टी-टी-वाय, मोकळी जागा, एस-ए-एन-ई) ही कमांड द्यावी आणि शेवटी पुन्हा कंट्रोल-जे दाबावे. एम्युलेटरसाठी ‘एको’ (ई-सी-एच-ओ) टाइप करून मोकळी जागा सोडावी, कंट्रोल-व्ही दाबावे, मग एस्केपची कळ, मग लहान ‘सी’ आणि एंटर. कंट्रोल-व्हीमुळे पुढची कळ शेलने स्वतःसाठी न वापरता अक्षर म्हणून ओळीत घेतली जाते, आणि एस्केपपाठोपाठ आलेला ‘सी’ म्हणजे व्हीटी१००च्या काळापासून ‘मूळ स्थितीत ये’ असाच हुकूम आहे.

आंधळेपणाने टाइप करूनही काही साधत नसेल तर दुसऱ्या खिडकीतून मदत करता येते. ‘डब्ल्यू’ किंवा ‘पीएस’ या कमांडमधून बिघडलेली खिडकी कोणत्या टीटीवायवर आहे ते पाहावे. ती समजा पीटीएस/३ असेल, तर लिनक्सवर ‘एसटीटीवाय -एफ /डेव्ह/पीटीएस/३ सेन’ अशी कमांड द्यावी. यातला ‘एफ’ मोठा असतो, मॅकवर तो लहान असतो. खिडकी अडवून बसलेला एखादा प्रोग्राम असेल तर तो आधी याच मार्गाने शोधून ‘किल’ करावा, नाहीतर तो सुधारलेली मांडणी लगेच पुन्हा बिघडवतो.

लक्षणांवरून निदान

लहान अक्षरांच्या जागी रेघा, कोपरे आणि ठिपके दिसू लागले, पण मोठी अक्षरे आणि अंक मात्र जसेच्या तसे राहिले, तर एम्युलेटर रेषाचिन्हांच्या संचात शिरला आहे हे नक्की समजावे. व्हीटी१००वर चौकटी काढण्यासाठी हा संच होता आणि त्यात इंग्रजी लहान अक्षरांच्या जागांवर रेघा बसवलेल्या होत्या: ‘क्यू’च्या जागी ─, ‘एक्स’च्या जागी │, ‘एल’च्या जागी ┌, ‘एन’च्या जागी ┼ आणि ‘ए’च्या जागी ▒. त्यामुळे नेहमीच्या सवयीने ‘एलएस’ टाइप केले की ┌ आणि त्याशेजारी तळाला चिकटलेली एक आडवी रेघ दिसते. कमांड मात्र बरोबरच जाते, कारण बिघडलेले असते ते केवळ दाखवणे. फक्त १४ क्रमांकाच्या बाइटमुळे हे झाले असेल तर ‘एको’, मोकळी जागा, कंट्रोल-व्ही, कंट्रोल-ओ, एंटर इतकेच पुरते, कारण कंट्रोल-ओ म्हणजे १५ क्रमांकाचा, पहिल्या संचाकडे परत आणणारा बाइट. इतर वाटेने झाले असेल तर वरचा एस्केप-सीचा मार्ग आहेच. यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात चालणारे काही एम्युलेटर असे संचबदल मानतच नाहीत, त्यामुळे त्यांच्या वापरकर्त्यांना हा प्रकार क्वचितच दिसतो.

प्रत्येक ओळ आधीची ओळ जिथे संपली तिथूनच खाली सुरू होत असेल आणि मजकूर जिन्यासारखा उजवीकडे उतरत असेल, तर नव्या ओळीसोबत कर्सर डावीकडे आणण्याचे टीटीवायचे काम बंद पडलेले असते. संपादक किंवा पेजरसारखा पूर्ण स्क्रीन वापरणारा प्रोग्राम टीटीवायला कच्च्या अवस्थेत नेतो आणि जाताना पूर्ववत करतो. तो मध्येच मारला गेला तर पूर्ववत करायचे राहून जाते. पासवर्ड विचारणारा प्रोग्राम अर्ध्यात कोसळला तर फक्त एको बंद राहतो. ‘एसटीटीवाय सेन’ दोन्हींवर चालते. नुसता एको गेला असेल तर ‘एसटीटीवाय एको’ पुरते, पण एवढा भेद करत बसण्यात माझ्या मते अर्थ नाही. झेडएसएच हे शेल वापरणाऱ्यांसाठी आणखी एक सोय आहे: सुरुवातीच्या फाईलमध्ये ‘टीटीवायसीटीएल -एफ’ लिहून ठेवले, तर बाहेरच्या प्रोग्रामांनी केलेले बदल शेल प्रत्येक कमांडनंतर आपणहून पुसून टाकते. मात्र त्यानंतर ‘एसटीटीवाय’ने मुद्दाम केलेले बदलही टिकत नाहीत, हे ध्यानात ठेवावे.

दूरच्या सर्व्हरशी जोडणाऱ्या एसएसएचचा दुवा तुटल्यावर स्थानिक खिडकीत माऊस हलवला किंवा क्लिक केले की अर्धविरामांनी जोडलेले आकडे उमटू लागतात, हाही नेहमीचा अनुभव आहे. पलीकडच्या प्रोग्रामने माऊसच्या खबरा मागवलेल्या असतात आणि ‘आता पुरे’ असे सांगायला तो उरलेला नसतो. पेस्ट केलेल्या मजकुराच्या आगेमागे २०० आणि २०१ हे आकडे व नागमोडी चिन्ह दिसणे हे त्याचेच भावंड. दोन्हींवर बहुतेक एम्युलेटरांत ‘रीसेट’ पुरते. केवळ कर्सर हरवला असेल तर ‘टीपुट’ (टी-पी-यू-टी) पुढे ‘सीनॉर्म’ (सी-एन-ओ-आर-एम), रंग किंवा ठळकपणा अडकला असेल तर त्याच कमांडपुढे एस-जी-आर-शून्य, आणि संपादक बंद झाल्यावरही त्याचाच पडदा समोर राहून मागे स्क्रोल करता येत नसेल तर आर-एम-सी-यू-पी द्यावे.

विंडोजवरून पुटी हा एम्युलेटर वापरणाऱ्यांना बायनरी फाईल उघडल्यानंतर एक गमतीदार गोष्ट दिसते. प्रॉम्प्टवर कोणीही टाइप न करता ‘पुटीपुटीपुटी’ असे नाव ओळीने उमटते. फाईलमधला ५ क्रमांकाचा बाइट म्हणजे ‘तू कोण?’ हा टर्मिनलला विचारलेला प्रश्न असतो, आणि पुटी प्रत्येक वेळी प्रामाणिकपणे आपले नाव सांगते. ते कमांडसारखे ओळीत येऊन बसते, म्हणून एंटर दाबण्याआधी कंट्रोल-यूने ओळ पुसावी.

खिडकी गोठल्यासारखी वाटली, काहीच उमटेनासे झाले, तर इतर काहीही करण्यापूर्वी कंट्रोल-क्यू दाबून पाहावे. संपादकाच्या सवयीने ‘सेव्ह’साठी कंट्रोल-एस दाबले गेले, की टीटीवाय स्क्रीनवर मजकूर पाठवणे थांबवतो. यात बिघाड काहीच नसतो. मधल्या वेळात दाबलेल्या कळा मात्र साठून राहतात आणि कंट्रोल-क्यू दाबताच एकदम लागू होतात, हे विसरू नये. ही सोय नकोच असेल तर ‘एसटीटीवाय -आयएक्सऑन’ (आय-एक्स-ओ-एन) शेलच्या सुरुवातीच्या फाईलमध्ये घालावे.

फाईल कोणत्या प्रकारची आहे याची खात्री नसेल तर आधी ‘फाईल’ या कमांडने विचारावे, किंवा ‘लेस’ने उघडावी, बायनरी वाटली तर ‘लेस’ आधी विचारून घेते. ‘कॅट’च हवे असेल तर ‘कॅट -व्ही’ वापरावे, म्हणजे नियंत्रणाची अक्षरे उघड्या चिन्हांत दिसतात आणि एम्युलेटरपर्यंत हुकूम म्हणून पोचत नाहीत. परक्यांनी पाठवलेला मजकूर ज्यांत साठतो अशा लॉग फाईलींसाठी तर मी हीच पद्धत सुचवेन, कारण त्यांत एस्केपच्या मालिका कोणी मुद्दामही पेरू शकतो.

ओळ स्वतःवरच चढते तेव्हा

लांब कमांड टाइप करताना ती पुढच्या ओळीवर न जाता त्याच ओळीच्या सुरुवातीला येऊन प्रॉम्प्ट खोडू लागते, या तक्रारीवर ‘रीसेट’चा काही उपयोग होत नाही. याची कारणे दोन.

पहिले कारण रंगीत प्रॉम्प्ट. हिरवा ठळक रंग सुरू करणारी नेहमीची मालिका एस्केप, चौकटी कंस, ०१, अर्धविराम, ३२ आणि ‘एम’ अशी आठ बाइटांची असते. स्क्रीनवर ती शून्य जागा घेते, पण बॅश या शेलला तसे सांगितले नाही तर ते आठ रकाने मोजते. रंग बंद करणाऱ्या मालिकेचेही तेच. परिणामी ओळ कुठे वळवायची याचा हिशेब चुकतो, आणि वरची बाण-कळ दाबून जुन्या कमांड पाहताना त्यांचे अर्धे तुकडे मागे राहतात. उपाय असा, की प्रॉम्प्ट ठरवणाऱ्या पीएस१ (मोठ्या अक्षरांत) या व्हेरिएबलमध्ये रंगाच्या प्रत्येक मालिकेआधी उलटी तिरकी रेघ व उघडणारा चौकटी कंस, आणि नंतर उलटी तिरकी रेघ व बंद होणारा चौकटी कंस घालावा. झेडएसएचमध्ये हेच काम टक्क्याचे चिन्ह व महिरपी कंस यांनी होते, त्यात बंद करताना टक्का कंसाच्या आधी येतो. शंका असेल तर पीएस१ तात्पुरते नुसत्या डॉलरच्या चिन्हावर आणून पाहावे. तक्रार गेली तर दोष प्रॉम्प्टचाच.

दुसरे कारण म्हणजे खिडकीचा आकार आणि टीटीवायला माहीत असलेला आकार यांतला फरक. ‘एसटीटीवाय साइझ’ ही कमांड आधी ओळी आणि मग रकाने असे दोन आकडे देते. एसएसएच खिडकीच्या आकारातला बदल पलीकडे कळवते, पण सीरियल केबलवरून किंवा आभासी यंत्राच्या सीरियल कन्सोलवरून जोडले असता ही खबर जायला मार्गच नसतो, आणि मग मोठ्या खिडकीतही सगळे २४ ओळी व ८० रकान्यांत कोंबले जाते. एक्सटर्म या एम्युलेटरसोबत येणारी ‘रीसाइझ’ ही कमांड कर्सर दूरच्या कोपऱ्यात पाठवून, तो प्रत्यक्षात कुठे थांबला हे विचारून आकार ठरवते. ती नसेल तर ‘एसटीटीवाय रोज ५० कॉल्स १६०’ (आर-ओ-डब्ल्यू-एस, सी-ओ-एल-एस) अशा तऱ्हेने, आपल्या खिडकीचे आकडे घालून, हाताने सांगावे.

टर्म हे व्हेरिएबल

पूर्ण स्क्रीनचे प्रोग्रामच तेवढे विस्कटत असतील, बाण-कळांनी अक्षरे उमटत असतील, किंवा सर्व्हर ‘हे टर्मिनल मला माहीत नाही’ अशा अर्थाची तक्रार करत असेल, तर ‘टर्म’ (टी-ई-आर-एम, मोठ्या अक्षरांत) या व्हेरिएबलची किंमत पाहावी. त्या नावाने टर्मइन्फो या टर्मिनलांच्या नोंदींच्या संग्रहात शोधून प्रोग्राम कोणत्या मालिका पाठवायच्या ते ठरवतो. किटीसारखे एम्युलेटर स्वतःचे वेगळे नाव लावतात आणि जुन्या सर्व्हरवर त्या नावाची नोंद नसते. झटपट उपाय म्हणजे त्या सत्रापुरते टर्मला ‘एक्सटर्म-२५६कलर’ हे नाव देणे. कायमचा उपाय म्हणजे ‘इन्फोसीएमपी -एक्स’ने आपल्याकडची नोंद बाहेर काढून ती सर्व्हरवर ‘टिक -एक्स’ने (टी-आय-सी) बसवणे. शेलच्या सुरुवातीच्या फाईलमध्ये टर्मचे नाव कायमचे लिहून ठेवण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो, पण तो पाळू नये. एकाच खिडकीत अनेक सत्रे चालवणाऱ्या टीमक्समध्ये शिरल्यावर तेच नाव खोटे ठरते आणि नवे प्रश्न उभे राहतात.

टीमक्स किंवा तसाच ‘स्क्रीन’ हा प्रोग्राम वापरत असाल तर आणखी एक टर्मिनल मध्ये असते आणि बिघाड त्याच्याही स्मृतीत राहू शकतो. टीमक्समध्ये कंट्रोल-बी आणि मग ‘आर’ दाबल्यावर पडदा नव्याने काढला जातो. जीएनयू स्क्रीनमध्ये कंट्रोल-ए आणि मग लहान ‘एल’ने तेच होते, तर कंट्रोल-ए आणि मोठ्या ‘झेड’ने त्या खिडकीची स्थिती मुळावर येते. टीमक्सचा काही भाग ठिपक्यांनी भरलेला दिसत असेल तर दुसरीकडून कोणीतरी लहान खिडकीतून त्याच सत्राला जोडलेले असते. ‘टीमक्स अटॅच -डी’ने इतरांना सोडवावे.

देवनागरी नावे आणि मजकूर

मराठीत फाईलींची नावे देणाऱ्यांना जो विस्कोट दिसतो त्याचे चार प्रकार आहेत आणि प्रत्येकाचा दोषी वेगळा. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचे असते, म्हणजे ‘मराठी’ हा पाच चिन्हांचा शब्द पंधरा बाइट घेतो. ‘एलएस’ने या नावाऐवजी प्रश्नचिन्हांची रांग किंवा उलट्या तिरक्या रेघांसह ३४०, २४४, २५६ असे आकडे दाखवले, तर प्रोग्रामलाच आपण यूटीएफ-८ मध्ये आहोत हे माहीत नाही. ‘लोकॅल चारमॅप’ (एल-ओ-सी-ए-एल-ई, मोकळी जागा, सी-एच-ए-आर-एम-ए-पी) ही कमांड द्यावी. उत्तर यूटीएफ-८ न येता ‘अन्सी_एक्स३.४-१९६८’ असे आले तर निदान पक्के. ‘लोकॅल -ए’ने यंत्रावर उपलब्ध असलेल्या लोकॅलची (भाषा आणि अक्षरसंकेत ठरवणाऱ्या मांडणीची) यादी पाहून त्यातले एखादे यूटीएफ-८ असलेले नाव ‘लँग’ (एल-ए-एन-जी, मोठ्या अक्षरांत) या व्हेरिएबलला द्यावे. देवनागरी दिसण्यासाठी मराठी लोकॅलच लागते असा समज आहे, तो खरा नाही. इंग्रजी-भारत किंवा ‘सी.यूटीएफ-८’ हे पुरेसे असते, आणि यातले दुसरे २०२२च्या २.३५ या आवृत्तीपासून जीलिबसी या लिनक्सच्या मूळ लायब्ररीतच समाविष्ट आहे. एसएसएच अनेकदा आपल्याकडचे लोकॅल सर्व्हरकडे पाठवते आणि ते तिथे बसवलेले नसले की बॅश लॉग-इन करतानाच इशारा देते. डेबियन आणि उबुंटूवर ‘लोकॅल-जेन’ने ते तयार करून घेता येते.

प्रत्येक अक्षराच्या जागी डोक्यावर तिरका फटका असलेला लॅटिन ‘ए’, मग ¤ आणि मग ® किंवा ° यांसारखे काही दिसत असेल, तर प्रोग्रामचे बरोबर आहे आणि खिडकी चुकते आहे. यूटीएफ-८चे तीन बाइट ती तीन निरनिराळी लॅटिन चिन्हे म्हणून वाचते. पुटीमध्ये ‘विंडो’खालील ‘ट्रान्सलेशन’ या विभागात यूटीएफ-८ निवडावे. इतर एम्युलेटरांत एनकोडिंगचा पर्याय शोधावा. नुसत्या रिकाम्या चौकटी दिसल्या तर फाँटमध्ये देवनागरी नाही एवढेच. लिनक्सच्या मजकुरी कन्सोलवर, म्हणजे कंट्रोल-ऑल्ट-एफ३ने येणाऱ्या पडद्यावर, फाँटमध्ये जास्तीत जास्त ५१२ आकृत्या मावतात आणि जोडाक्षरे जुळवण्याची सोय नाही, त्यामुळे तिथे खटपट करण्यापेक्षा दुसऱ्या यंत्रावरून एसएसएचने आत यावे.

चौथा प्रकार सर्वांत चिवट. अक्षरे ओळखू येतात, पण मात्रा सुटी पडते, वेलांटी भलत्या अक्षराला लागते, रफार हरवतो आणि कर्सर दाखवतो एकीकडे तर अक्षर पुसले जाते दुसरीकडे. टर्मिनल हे समान रुंदीच्या घरांचे कोष्टक आहे, आणि ‘क्षि’ला किती घरे द्यायची याबाबत शेल आणि एम्युलेटर यांचे एकमत असेलच असे नाही. कोणत्याही सेटिंगने हे पूर्ण सुटत नाही. अक्षरजुळणी करणारा एम्युलेटर, उदाहरणार्थ कॉन्सोल, एमएलटर्म किंवा किटी, वापरला तर वाचणे सुसह्य होते. फाईलचे नाव टाइप करण्याऐवजी पहिले अक्षर देऊन टॅबने पुरे करून घ्यावे, आणि मराठी मजकुरात दुरुस्ती करायची असेल तर ती फाईल सरळ ग्राफिकल संपादकात उघडावी.